वजनकाकांची पुडी

जावई वजनकाट्यावर चढला, तेव्हा वजनकाकांनी आधी हिशेब केला तो स्वतःच्या फायद्याचा.

फायदा तसा घसघशीत होता. जावई ट्रकड्रायव्हर. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. आवाज हॉर्नसारखा आणि सासऱ्याबद्दलचं मत फारसं बरं नाही. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून गोळ्यांची पाकिटं काढून देणारा माणूस, त्याला जगाची काय माहिती, असा त्याचा एकंदर सूर. घरी आला की सासऱ्याच्याच खुर्चीत बसून सासऱ्याला रस्ते, टायर आणि जग समजावून सांगायचा. आणि आता हाच माणूस काट्यावर उभा होता. तबकडीकडे न बघता छताच्या पंख्याकडे बघत होता. म्हणजे आजपासून हा आपल्या घरात आवाज खाली ठेवून बसणार. खुर्ची सोडणार. एक शब्द न बोलता, मलमाच्या एका ट्यूबमध्ये हे सगळं पदरात पडणार होतं. काकांना मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या.

"बरोबर आहे वजन, जावईबापू," ते म्हणाले.

"हो ना? मला वाटलं वाढलं की काय."

"छे, छे."

एवढंच. काकांनी खालचा खण ओढला, ट्यूब काढली, कागदाच्या चौकोनात ठेवली आणि पुडी बांधली. त्यांच्या पुडीला पिन लागत नसे, दोरा लागत नसे. कागद चार बाजूंनी आत यायचा आणि शेवटचं टोक सदऱ्याच्या कॉलरसारखं दुमडून आत खोचलं जायचं. पुडी काट्याच्या कडेला आली, पैसे काचेवर आले, जावई उतरला. जाताना त्याने मान किंचित खाली केली.

ती मान हीच काकांची खरी मिळकत. पगार मालक देत, तो घरात जाई. मान मात्र थेट त्यांच्या खात्यात जमा होई.

दुकान ट्रकांच्या तळासमोर होतं. गिऱ्हाईक म्हणजे ड्रायव्हर, मेकॅनिक, वेल्डर, हमाल, भट्टीपुढे उभे राहणारे आचारी. दिवसभर घामाने भिजायचं आणि ओल्या कपड्यांत तसंच बसायचं, असले सगळे धंदे. या मंडळींना जिथे खाज सुटायची, तिथलं नाव चारचौघांत घेता येत नसे आणि दुकानात चारचौघं कायमच असत. त्यांतल्या निम्म्या बायका. फार वर्षांपूर्वी एक वेल्डर असाच येऊन उभा राहिला होता. काय हवं विचारलं की खोकल्याचं औषध म्हणायचा, दिलं की परत करायचा, आणि पायांत फुटबॉल अडकल्यासारखा उभा होता. शेवटी उभं राहायला काहीतरी निमित्त हवं म्हणून तो कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर चढला आणि पंख्याकडे बघत राहिला. काकांनी ताडलं. एक ट्यूब बांधून न बोलता पुढे केली. वेल्डरचे डोळे पाण्याने भरले म्हणतात. निदान काका तरी तसं म्हणतात.

वेल्डरने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. तळावर नवा ड्रायव्हर आला की पंक्चर काढणारा कोण, चहा कुठे चांगला, हे सांगतानाच हेही सांगितलं जाऊ लागलं: तसलं काही झालं तर समोरच्या दुकानात जा, काट्यावर चढ आणि वर बघ. बोलायचं काम नाही. तेव्हापासून ते वजनकाका.

या पद्धतीत चूक कधी झालीच नाही असं नाही. एका मास्तरांना एकदा खरोखरच स्वतःचं वजन बघायचं होतं. ते चढले, चष्मा घरी विसरला म्हणून नीट दिसेना, म्हणून सवयीने वर बघत आठवू लागले की मागच्या वेळी किती होतं. खाली उतरतात तो हातात पुडी. ती घरी गेल्यावर त्यांच्या बायकोने उघडली. मास्तर पुढे कित्येक दिवस दुकान आलं की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जात. मग एके दिवशी तेही आले, काट्यावर चढले, आणि या वेळी चष्मा असूनही त्यांनी तबकडीकडे पाहिलं नाही.

जावयापर्यंत ही पद्धत पोचली, याचा काकांना त्या संध्याकाळी फार अभिमान वाटला. सासरा आणि जावई! यापेक्षा अवघड जोडी कुठली? पण तिथेसुद्धा कुणाची लाज गेली नाही, कुणाला तोंड उघडावं लागलं नाही. याहून कडक परीक्षा कुठली असणार? काका पैकीच्या पैकी गुण घेऊन घरी गेले.

दुकानात या कौतुकाला दाद न देणारं एकच माणूस होतं. मालकांची सून. ती औषधशास्त्र शिकलेली, पांढरा कोट घालून बसणारी. सगळे तिला छोट्या मालकीणबाई म्हणत. तिने काकांना दोन-तीनदा बाजूला घेतलं होतं.

"काका, ती ट्यूब चिठ्ठीशिवाय देत जाऊ नका. तिच्यात तीन-चार औषधांची खिचडी आहे. त्यातलं एक नुसती खाज दाबतं. माणसाला वाटतं बरं झालं, आणि आत बुरशीला रान मोकळं."

"बाई, तुम्ही शिकलेल्या. पण माझं गिऱ्हाईक समाधानी आहे. दोन दिवसांत गार वाटतं म्हणतात. पुन्हा पुन्हा येतात ते उगाच?"

"काका, बरा झालेला माणूस पुन्हा कशाला येईल?"

यावर काकांनी फडकं घेतलं आणि स्वच्छच असलेली काच पुसली.

जावई पुन्हा आला. पंख्याकडे पाहिलं, पुडी घेतली, मान लववली, गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या महिन्यात दोनदा. घरी आला की आता खरंच गप्प बसायचा, खुर्चीच्या अगदी कडेला. काकांनी हे सगळं आदरात धरलं. कडेला बसणाऱ्याला मध्ये बसवत नसेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. चालीवरून माणूस ओळखणाऱ्याने बसण्यावरूनही ओळखायला हवं होतं.

मग एका दुपारी काका जेवायला घरी आले, तर दाराशी मुलीच्या चपला. आत मुलगी, आणि मुलीशेजारी कपड्यांची बॅग. काकू समोर हात कमरेवर ठेवून उभ्या.

"आलात? बसा," काकू म्हणाल्या. "तुमची लेक आलीय. का आली ते मला सांगत नाहीये. म्हणते, बाबा आले की सांगते. मी काय या घरात भाड्याने राहते?"

मुलीने टेबलावर एक पुडी ठेवली. रिकामी. पण घडी शाबूत. कॉलरसारखं टोक आत खोचलेलं.

"यांच्या गाडीत सीटखाली सापडली. अशा सहा-सात होत्या," ती म्हणाली. "मी लहान असताना तुम्ही मला अशाच पुडीत बांधून खोडरबर आणायचात. ही घडी जगात दुसरं कुणी घालत नाही, बाबा."

काका पुडीकडे बघत राहिले.

"आत काय होतं?" काकूंनी विचारलं.

"मलम होतं. तसल्या जागेचं." मुलीने आईकडे पाहिलं नाही. "आणि आता मलाही झालंय. मांडीला, पोटाला, कमरेला. गोल गोल चट्टे, कडेला लाल. एवढी खाज की झोप नाही. यांना विचारलं, तुम्हाला काय झालंय, कधीपासून झालंय, कुठून आलं? तर काय केलं असेल त्यांनी?"

"काय केलं?"

"पंख्याकडे बघत बसले."

काकांनी पुडी उचलली आणि परत खाली ठेवली.

"आठ-आठ दिवस बाहेर असतात ते," मुलगी म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "परत आले की पाठ करून झोपतात. गाडीत सीटखाली औषध लपवतात. मी काय समजायचं? आणि माझ्या बापाला सगळं ठाऊक. बाप आपल्या हाताने पुड्या बांधून देतोय. तुम्ही दोघांनी मिळून मला वेड्यात काढलंत."

"अगं, तसलं काही नाहीये ते!" काकांना एकदम वाचा फुटली. "ड्रायव्हर लोकांना होतंच हे. इंजिनाची धग, जाड पँट, दिवसभर घाम. तुझ्या नवऱ्याचं काही वाकडं पाऊल नाही, मी सांगतो ना."

"तुम्ही बघितलंत काय झालंय ते?"

"मी कसं बघणार?"

"त्यांना विचारलंत?"

"विचारायची पद्धत नाही आमची."

"मग कशावरून सांगता?"

काका खरं तेच बोलले. "चालीवरून."

काकू हसू लागल्या. हसणं चांगलं नव्हतं. "चालीवरून! इतकी वर्षं बाहेर सांगतात, आमचे हे म्हणजे अर्धे डॉक्टर. अहो, ढोरांचा डॉक्टरसुद्धा शेपूट उचलून बघतो!"

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी नाही, तुम्ही बोला. अख्ख्या तळाने तुमच्या तोंडाला कुलूप घातलंय. घरच्यांसाठी तरी एक किल्ली ठेवायची होतीत."

मुलीने पुडी उलगडली. कागद सपाट केला. "साधं घामाचंच होतं ना, बाबा? मग लपवलं कशाला? घामोळ्याची कुणी पुडी बांधतं? तुम्ही तोंडाने बोलला असतात ना, 'जावईबापूंना घामाने खाज येतेय, टॉवेल वेगळा ठेव,' तर मी ठेवला असता. मी काय नाक मुरडणार होते? तुमच्या त्या गप्प बसण्यानेच मला वाटलं की हे पाप आहे."

पान वाढलेलं होतं. काका जेवले नाहीत. गोष्ट सरळ होती आणि तिला कुठूनही पळवाट नव्हती. मुलीचं घर राहायचं की मोडायचं, ते एका साक्षीवर होतं. आणि साक्षीदार एकच, तोही असा की ज्याने काही पाहिलं नाही, ऐकलं नाही, विचारलं नाही. इतकी वर्षं तो स्वतःला त्याच गोष्टीबद्दल शाबासकी देत आला होता.

"मी त्यांना विचारतो," ते म्हणाले.

"आणि त्यांनी वर बघितलं तर?"

"खाली बघायला लावतो."

हे बोलायला सोपं होतं. तळावर शिरल्यावर दोन्ही बाजूंनी माना खाली होऊ लागल्या. टायर बदलणाऱ्याची, डिझेलचा डबा नेणाऱ्याची, बोनेटमध्ये डोकं घातलेल्याचीसुद्धा. रोज ज्या मानांनी काकांची छाती वीतभर पुढे येई, त्या आज त्यांना टोचू लागल्या. यांतल्या किती जणांच्या घरी बॅग भरून कुणी बसलं असेल? कुणाला विचारायचं तर तेही त्यांनी कधी विचारलेलं नव्हतं.

जावयाची गाडी भिंतीच्या कडेला उभी होती. काका पायरीवरून केबिनमध्ये चढले आणि दार लावून घेतलं. आत भट्टी होती. इंजिन बंद असूनही सीटखालून धग येत होती. सीटला प्लॅस्टिकचं आवरण. टेकता क्षणी काकांच्या पँटची शिवण आतून ओली झाली.

"बाबा? तुम्ही इकडे?"

"जावईबापू." काकांनी घसा साफ केला. आसपास कुठे वजनकाटा नव्हता. "खाज कुठे आहे?"

जावयाने आपोआप वर पाहिलं. केबिनला पंखा नव्हता, पत्रा होता.

"वर बघू नका. माझ्याकडे बघा. तिकडे पोरगी बॅग घेऊन बसलीय. तिच्याही अंगावर उठलंय. ती समजते तुम्ही बाहेर..." वाक्य पुरं करायला काकांना जोर लावावा लागला. "बाहेर बायकांकडे जाता."

जावयाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. "शपथ घेतो, बाबा. कुणाचीही घ्या म्हणाल त्याची. मी गाडी सोडून कुठेही गेलेलो नाही."

"मग बायकोला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुम्ही ज्या पद्धतीने द्यायचात, खाली वाकून, खणातून काढून, झाकून, त्यावरून मलाच वाटलं की मला काहीतरी घाण झालंय. मग तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

 हे उत्तर काकांच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

"सुरुवात गोदामावर झाली असणार," जावई हळूहळू बोलू लागला. एकदा बोलू लागल्यावर तो थांबेना. "माल उतरवायला दोन दिवस लागायचे. तिथे आंघोळीला सगळ्यांत मिळून एकच टॉवेल, तोही कधी वाळलेला नाही. आधी जांघेत एवढासा रुपयाएवढा चट्टा होता. ट्यूब लावली, दोन दिवसांत गेला. आठवड्याने परत. या खेपेला बशीएवढा. परत लावली. आता पोटापर्यंत आलाय, मागे गेलाय. लावली नाही तर आग, लावली तरी आग. पाणी लागलं तरी चुरचुरतं. क्लच दाबला की मांडी घासते आणि डोळ्यांपुढे तारे दिसतात. कातडीवर रेघा उठल्यात, बाबा. फाटल्यासारख्या."

"वाढत होतं तर मला सांगायचं!"

"कधी? तुम्ही म्हणायचात, वजन बरोबर आहे."

बाहेर कुणीतरी हॉर्न दिला. काकांनी कपाळ पुसलं.

"चला," ते म्हणाले. "डॉक्टरकडे. तिघंही जाऊ."

छोट्या मालकीणबाईंनी पत्ता दिला. पत्ता देताना त्या "मी सांगत होते" म्हणाल्या नाहीत. काकांना ते म्हटल्यापेक्षा जास्त लागलं. त्वचेच्या डॉक्टर बाई निघाल्या. पन्नाशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. बाई आहेत हे कळल्यावर जावई प्रतीक्षागृहातून दोनदा उठून दारापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा मुलीने नुसतं बघून त्याला परत बसवलं.

आत पडद्यामागे तपासणी झाली. आधी त्याची, मग तिची. डॉक्टरांनी चट्ट्याच्या कडेची कातडी हलकेच खरवडून काचेच्या पट्टीवर घेतली आणि शेजारच्या खोलीत जाऊन सूक्ष्मदर्शकातून पाहून आल्या. हात धुतले. मग जावयाने आणून टेबलावर ठेवलेली ट्यूब उचलली आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.

"ही कुणी दिली?"

जावयाने छताकडे पाहिलं. मुलीने बापाकडे.

"मी," काका म्हणाले.

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही."

"मग?"

"मी वजन करतो."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. असं उत्तर त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आलं असावं.

"बघून दिलीत?"

"नाही."

"विचारून?"

"नाही. कुणालाच विचारत नाही. त्यांना लाज वाटू नये म्हणून." काकांनी सगळं सांगून टाकलं. वेल्डर, काटा, पंखा, खालचा खण. मास्तरांचं तेवढं गाळलं.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची मुलीकडे वळवली, कारण उत्तराची खरी वाट तीच बघत होती.

"हा नायटा आहे. गजकर्ण म्हणा. बुरशी असते. ओल्या कपड्यात वाढते आणि अंगाला अंग, टॉवेलला टॉवेल लागून पसरते. हे तुम्हाला वाटलं ते दुखणं नाही. इथे प्रश्न चारित्र्याचा नाही, ओल्या चड्डीचा आहे."

मुलीने खांदे सोडले. कधीपासून ती ते वर ओढून बसली होती.

"या ट्यूबने खाज दबते आणि बुरशी आरामात पसरते. म्हणून एवढी झाली. ही आजपासून बंद. एकदम बंद केल्यावर थोडे दिवस जास्त आग होईल. घाबरून पुन्हा लावायची नाही. मी देते ते दोघांनी एकाच वेळी घ्यायचं, आणि खाज थांबली म्हणून मध्येच सोडायचं नाही, मी सांगेन तोवर. टॉवेल वेगळे. कपडे गरम पाण्यात, उन्हात कडक वाळवून. आत सुती आणि सैल. आंघोळ झाली की जागा कोरडी करायची, मगच कपडा."

"आणि त्या रेघा?" जावयाने विचारलं. इतक्या वेळात तो पहिल्यांदाच स्वतःहून बोलला.

"कातडी पातळ होऊन ताणली गेलीय. फिकट होतील. जाणार नाहीत."

जावयाने मान हलवली. काकांना त्या मानेकडे बघवलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर मुलगी थांबली. काकांना वाटलं आता ही काही चांगलं बोलेल. डॉक्टरांपुढे "मी" म्हणायला धीर लागला होता, निदान त्याबद्दल तरी.

"एवढा एक शब्द आधी बोलला असतात तर, बाबा," ती म्हणाली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला. वाटेत दोन टॉवेल घेऊ. वेगळ्या रंगांचे."

बॅग तिने त्याच संध्याकाळी परत नेली. जावयाने ती उचलली. चाल अजून फुटबॉलवालीच होती, पण दोघं शेजारी चालत होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी खालचा खण रिकामा करून ट्यूब छोट्या मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवल्या. आणि मग, माणूस मुळात हट्टी, म्हणून ज्या खात्रीने इतकी वर्षं गप्प राहिला त्याच खात्रीने बोलायला लागला.

पहिला सापडला एक कंत्राटदार. काट्यावर चढला, पंख्याकडे पाहिलं.

"खाज आहे का?" काकांनी विचारलं. तोंड उघडायची सवय नसल्याने आवाजाचं माप चुकलं. तो पार रस्त्यापर्यंत गेला. "कधीपासून आहे? घरात आणखी कुणाला आहे?"

खोकल्याचं औषध घेणाऱ्या दोन बायका वळल्या. कंत्राटदार तांबडालाल.

"मी वजन करायला आलोय!"

"मग काट्याकडे बघा ना."

तो काट्याकडे न बघता खाली उतरला आणि परत आला नाही. दुसरा आला, तिसरा आला. काकांनी आवाज खाली आणला, काटा उचलून आतल्या कपाटाआड नेला, शेजारी एक स्टूल ठेवलं, विचारायची रीत शिकून घेतली. काही टिकले. एका हमालाने सांगितलं, बायकोला पण आहे आणि पोरालाही. काकांनी त्याला डॉक्टरांकडे धाडलं. पण बहुतेकांनी पुढच्या चौकातलं दुकान गाठलं. तिथे वजनकाटा नव्हता, तरी ट्यूब होती आणि विचारणारं कुणी नव्हतं. तळावर नव्या ड्रायव्हरला आता सांगितलं जायचं: समोर जाऊ नको, तिथला म्हातारा बोंबलतो.

मोठ्या मालकांनी एकदा विचारलं, "काय हो, तळाचं गिऱ्हाईक हल्ली दिसत नाही?"

"बरं होऊन गेलं असेल," काका म्हणाले. छोट्या मालकीणबाईंनी बिलाच्या यंत्रात तोंड लपवलं.

पण तळावरून जाताना त्यांना कळायचं. काका दिसले की टायरवाला टायरमध्ये डोकं घाली. डिझेलवाला डबा या हातातून त्या हातात घेई. कुणी वाईट बोललं नाही. फक्त मान खाली व्हायची ती थांबली. काका छाती तेवढीच पुढे काढून चालत, पण संध्याकाळी घरी आल्यावर पाय जड वाटत.

"एवढं लागतंय तर पुन्हा गप्प बसा," काकू म्हणाल्या.

"आता नाही जमणार."

"तेही खरं. आता तुम्ही झोपेतसुद्धा विचारता, घरात आणखी कुणाला आहे म्हणून. मी काय उत्तर देऊ?"

औषध लांबलं. जावयाने स्वतःहून दोन फेऱ्या सोडल्या, मुलीने कित्येक दिवस कपडे उकळले. मग एका सकाळी काका तळामधून दुकानाकडे निघाले होते. गाड्या सुटायची वेळ, सगळा तळ भरलेला. मागून हॉर्न वाजला आणि पाठोपाठ हॉर्नपेक्षा मोठा आवाज.

"बाबा! अहो बाबा!"

जावई केबिनमधून अर्धा बाहेर लोंबत होता.

"काल डॉक्टरीणबाईंनी बघितलं! माझं गेलं, हिचंही गेलं! पूर्ण! रेघा तेवढ्या राहतील म्हणे!"

तळ थांबला. टायरमधलं डोकं वर आलं. बोनेटमधलं वर आलं. डिझेलवाला डबा तसाच धरून उभा राहिला. काय गेलं आणि कुठलं गेलं, ते न कळणारा तिथे एकही नव्हता, आणि हे असं ओरडून कुणी सांगतं हे तिथल्या कुणी कधी ऐकलं नव्हतं. जावई मात्र हसत होता. हसत हसतच तो आत झाला आणि सीटवर मधोमध बसला.

काका रस्त्याच्या मध्ये उभे राहिले. फुकटात कुणीच सुटलं नव्हतं. जावयाने कातडी दिली होती, ती काही परत यायची नव्हती. मुलीने झोप आणि विश्वास दिला होता. त्यातली झोप आली होती आणि विश्वास अर्धामुर्धा येत होता. काकांनी इतक्या वर्षांच्या सगळ्या माना दिल्या होत्या. आणि समोरच्या गाड्यांमधून कितीतरी जण अजून किंमत देत होते, सीटच्या कडेला बसून.

जावई उत्तराची वाट बघत होता. काकांनी गळा साफ केला, पण या वेळी शब्दाची गरज नव्हती. सगळ्यांच्या देखत त्यांनी जावयाला मान लववली, आणि दुकान उघडायला गेले.